रोमचे कलोसियम आणि कोल्हापूरचे खासबाग

'तालीम' हा शब्द तुम्हांला चांगला परिचित आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. पण कोल्हापुरातला एखादा मुलगा पहाटे घरातून निघाला आणि 'तालमीत जातो' असे म्हणाला, तर तो वही-पुस्तक घेऊन जात नाही. तो लंगोट घेऊन जातो. मराठीत तालीम म्हणजे कुस्ती शिकण्याची जागा. कुस्ती, पहिलवान, मैदान, खुराक, इनाम हे शब्दही फारसी आणि अरबीतून मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. उर्दूतला 'उस्ताद' मराठी मातीत येऊन 'वस्ताद' झाला.

हे सारे शब्द एकत्र ऐकायचे असतील, तर कोल्हापूरच्या खासबाग मैदानात जावे. हे मैदान शहराच्या मध्यवस्तीत, महालक्ष्मी मंदिरापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर आहे. 'खास' हा शब्द अरबी आणि 'बाग' हा फारसी. मैदानाचे नाव असे आपल्या ओळखीचे आहे. मात्र त्याच्या बांधणीची कल्पना फार दूरच्या शहरातून आली. ते शहर म्हणजे इटलीची राजधानी रोम. रोममधली कल्पना कोल्हापुरात कशी आली आणि येथे आल्यावर तिचे काय झाले, ते या पाठात पाहू या.

राजर्षी शाहू महाराज हे कोल्हापूर संस्थानचे राजे. त्यांचा जन्म १८७४ साली झाला. १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. महाराज स्वतः तालमीत घडलेले होते. कुस्तीवर त्यांचे मनापासून प्रेम होते. त्यांनी तालमींना मदत केली, मल्लांच्या खुराकाची सोय केली आणि दूरदूरच्या पहिलवानांना आश्रय दिला. त्यामुळे पंजाबपासूनचे मल्ल कोल्हापुरात येऊ लागले.

१९०२ साली इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्यारोहण समारंभ होता. त्यासाठी शाहू महाराज युरोपला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोम शहर पाहिले. रोममध्ये त्यांनी कलोसियम नावाची एक प्रचंड जुनी वास्तू पाहिली. आपल्या कोल्हापुरातही कुस्तीसाठी असे मैदान असावे, ही कल्पना त्यांना तेथे सुचली.

कलोसियम ही वास्तू सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. व्हेस्पेशियन या रोमन सम्राटाने तिचे बांधकाम सुरू केले आणि त्याचा मुलगा टायटस याने इसवी सन ८० मध्ये तिचे उद्घाटन केले. तिचा आकार अंड्यासारखा लांबट गोल आहे. लांबी सुमारे १८९ मीटर, रुंदी सुमारे १५६ मीटर आणि उंची सुमारे ४८ मीटर. मधोमध खेळाची मोकळी जागा आणि तिच्याभोवती एकावर एक चढत गेलेल्या दगडी पायऱ्या, अशी तिची रचना होती. त्या पायऱ्यांवर पन्नास हजारांहून अधिक माणसे बसत असावीत, असा जाणकारांचा अंदाज आहे.

इतकी माणसे आत येणार आणि बाहेर जाणार कशी? रोमच्या कारागिरांनी त्याचाही विचार केला होता. तळमजल्यावर चारही बाजूंनी मिळून ८० कमानी होत्या. त्यांपैकी बहुतेक कमानींवर क्रमांक कोरलेले होते. प्रेक्षक आपल्या क्रमांकाच्या कमानीतून आत शिरे आणि जिन्याने थेट आपल्या जागेकडे जाई. काही कमानींवरचे ते आकडे आजही दिसतात. आजच्या मोठ्या क्रीडांगणांवरही आपण तिकिटावरचा दरवाजा क्रमांक पाहूनच आत जातो. ही पद्धत इतकी जुनी आहे.

मोठ्या क्रीडागृहाला इंग्रजीत 'अरीना' म्हणतात. हा शब्दही रोमचाच. लॅटिन भाषेत त्याचा मूळ अर्थ 'वाळू' असा आहे. कलोसियमच्या मधल्या जागेवर वाळू पसरलेली असे. ही वाळू कशासाठी? तेथे सांडणारे रक्त शोषून घेण्यासाठी.

कलोसियमची ही दुसरी बाजू आहे. तेथे जे चाले, त्याला आपण खेळ म्हणणार नाही. ग्लॅडिएटर नावाचे लढवय्ये तेथे शस्त्रांनी लढत. त्यांच्यातले पुष्कळ जण गुलाम होते किंवा युद्धात पकडलेले कैदी होते. काही लढतींत माणसे मरत. सिंह, हत्ती, अस्वले अशी जनावरे दूरदूरच्या प्रदेशांतून आणून तेथे मारली जात. हे सारे पाहायला लोक गर्दी करत. बसण्याच्या जागाही दर्जाप्रमाणे ठरलेल्या होत्या. पुढे सम्राट आणि उमराव, त्यांच्यामागे इतर नागरिक आणि सर्वांत वर, सर्वांत दूर गरीब माणसे व स्त्रिया.

शाहू महाराजांनी कलोसियममधून काय घेतले आणि काय घेतले नाही, हे समजण्यासाठी या दोन्ही बाजू ठाऊक असायला हव्यात. त्यांनी घेतली ती रचना. चारही बाजूंनी वर चढत जाणारी बैठक आणि तळाशी सर्वांच्या नजरेत येणारी जागा, एवढेच त्यांनी उचलले. त्या जागेवर काय घडावे, हे मात्र त्यांनी आपल्या मातीप्रमाणे ठरवले.

खासबाग मैदानाचे काम १९०७ साली सुरू झाले आणि १९१२ साली पूर्ण झाले. मैदान एखाद्या मोठ्या वाडग्यासारखे आहे. वाडग्याच्या तळाशी लाल मातीचा गोल हौदा आहे. कुस्ती खेळण्याच्या जागेला हौदा म्हणतात. हौद्याभोवती प्रेक्षकांच्या बसण्याची जागा चढत चढत वर गेली आहे. सुमारे तीस हजार माणसे येथे बसून कुस्ती पाहू शकतात.

अशा रचनेचा फायदा काय? सपाट माळावर कुस्ती लावली, तर पुढच्या दोन-चार रांगांनाच ती नीट दिसते. मागचे लोक टाचा उंचावतात, एकमेकांच्या खांद्यांवर हात टेकतात, झाडावर चढतात. शिवाय कुस्तीचा निकाल जमिनीलगत लागतो. मल्लाची पाठ मातीला टेकली की कुस्ती चितपट झाली. पाठ खरोखर टेकली की नाही, यावरून तंटे होऊ शकतात. गोल आणि चढत्या बैठकीत पुढच्या माणसाचे डोके मागच्याच्या डोळ्यांआड येत नाही. गोलामुळे कोणतीही बाजू फार दूर राहत नाही. हजारो डोळे एकाच वेळी हौद्याकडे पाहतात. पंचांनी निकाल दिला, की तो बरोबर आहे याची साक्ष सारे मैदान देते. चांगल्या मैदानाचे पहिले काम हेच असते. जे घडले, ते सर्वांना सारखे दिसले पाहिजे.

कलोसियमच्या वाळूची गोष्ट आपण पाहिली. हौद्याची माती तिच्या अगदी उलट कामासाठी असते. ती मल्लाला इजा होऊ नये म्हणून असते. बारीक चाळलेल्या लाल मातीत तेल, ताक, लिंबाचा रस, हळद, कापूर अशा वस्तू मिसळतात. मग ती पुन्हा पुन्हा उकरून मऊ करतात. तालमीत नव्याने आलेल्या पोरांना आधी माती उकरायला लावतात. त्यातही व्यायाम असतोच. कुस्ती सुरू करण्यापूर्वी मल्ल ही माती कपाळाला लावतो, चिमूटभर प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर टाकतो आणि हात मिळवतो. कुस्ती संपल्यावर हरलेला आणि जिंकलेला एकमेकांना मिठी मारतात.

मैदानाचे उद्घाटन १९१२ साली झाले. त्या वेळची मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या दोन मल्लांमध्ये झाली. इमामबक्ष हे जगप्रसिद्ध गामा पहिलवानांचे धाकटे बंधू. दोनच वर्षांपूर्वी, १९१० साली, हे दोघे भाऊ लंडनला गेले होते. तेथे इमामबक्ष यांनी स्वित्झर्लंडच्या जॉन लेम या मल्लाला हरवले होते. गामांची पोलंडच्या झबिश्को या मल्लाशी कुस्ती लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियमवर झाली होती. हे स्टेडियम १९०८ सालच्या ऑलिंपिकसाठी बांधलेले होते. ती कुस्ती अडीच तासांहून अधिक वेळ चालली आणि बरोबरीत सुटली. पुन्हा ठरलेल्या दिवशी झबिश्को आलाच नाही. तेव्हा गामांना विजयी ठरवण्यात आले. युरोपची क्रीडांगणे पाहून आलेला पहिलवान खासबागच्या पहिल्या मैदानात उतरला, हा योग मोठा सुंदर होता.

पुढे खासबागच्या हौद्यात अनेक नामवंत मल्ल लढले. पंजाब, उत्तर प्रदेश, दिल्ली, कर्नाटक येथून मल्ल येत. पाकिस्तानातूनही पहिलवान येत. कोल्हापूरचा प्रेक्षक कुस्तीचा मोठा जाणकार. परगावचा मल्ल चांगला लढला, तर त्यालाही तो डोक्यावर घेतो.

कुस्तीच्या मैदानाचा दिवस पाहण्यासारखा असतो. दुपारी लहान मुलांच्या कुस्त्यांनी सुरुवात होते. हलगी कडाडू लागते. मग वयाने आणि ताकदीने मोठे मल्ल उतरतात. शड्डू घुमतात. इनामाची रक्कम वाढत जाते. दिवस कलू लागतो, तेव्हा पहिल्या क्रमांकाची कुस्ती लागते. त्या वेळी मात्र एवढे मोठे मैदान क्षणभर अगदी गप्प होते.

परंतु मैदान पहिलवान घडवत नाही. मैदानात त्याची फक्त परीक्षा होते. त्याचा अभ्यास तालमीत होतो. कोल्हापुरात गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा अनेक नावाजलेल्या तालमी आहेत. तेथील मुले पहाटे उठतात. शेकडो जोर-बैठका मारतात. वस्तादांच्या नजरेखाली एकमेकांशी लढून डाव आणि त्या डावांचे तोड शिकतात. दूध, तूप, बदाम यांचा खुराक घेतात आणि वेळेवर झोपतात. मैदानातली कुस्ती कधी दोन मिनिटांत संपते. तिच्यामागे अशी दहा-दहा वर्षे असतात. मग उर्दूतली तालीम आणि मराठीतली तालीम यांत तसा फरक तो काय? दोन्हीकडे गुरू आहे, शिस्त आहे आणि रोजची मेहनत आहे.

ज्या काळात खासबागची तयारी चालू होती, त्याच काळात, १९०६ साली, शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. इतर अनेक समाजांच्या मुलांसाठीही त्यांनी वसतिगृहे उभी केली. मनाची तालीम आणि शरीराची तालीम या दोन्हींसाठी त्यांनी एकाच वेळी जागा तयार केल्या.

कोल्हापूरच्या मातीत तयार झालेल्या मल्लांपैकी खाशाबा जाधव यांचे नाव आदराने घेतले जाते. ते कराडजवळच्या गोळेश्वर गावचे. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. १९४८ साली ते लंडन ऑलिंपिकला गेले. तेथील कुस्त्या एम्प्रेस हॉल नावाच्या बंदिस्त क्रीडागृहात होत्या. खाशाबांचे पाय मातीचे. तेथे खाली होती गादी, म्हणजेच मॅट. नियमही निराळे होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

पुढचे ऑलिंपिक १९५२ साली फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे होते. जाण्यासाठी पैसे अपुरे पडत होते. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गावच्या लोकांनीही वर्गणी काढली. खाशाबांनी त्या विश्वासाचे चीज केले. त्यांनी हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. ते लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवले. मध्ये ४४ वर्षे गेली.

आता पुन्हा एकदा रोमकडे वळू. कलोसियमचे पुढे काय झाले? तेथील लढती कधीच्याच बंद पडल्या. १३४९ सालच्या भूकंपात तिची एक बाजू कोसळली. लोकांनी तिचे दगड नेऊन दुसऱ्या इमारती बांधल्या. पण उरलेली वास्तू नंतर जपली गेली. १९६० साली रोममध्ये ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. त्यासाठी रोमने नवी क्रीडांगणे आणि क्रीडागृहे सिद्ध केली. अशाच एका नव्या क्रीडागृहात कॅशियस क्ले या अठरा वर्षांच्या अमेरिकन तरुणाने मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक जिंकले. पुढे तोच महंमद अली या नावाने जगाला माहीत झाला.

मात्र सर्वच स्पर्धा नव्या इमारतींत झाल्या नाहीत. कुस्तीच्या स्पर्धा कलोसियमपासून थोड्या अंतरावर असलेल्या मॅक्सेंटियसच्या बॅसिलिकेत झाल्या. ही सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीची वास्तू होती. तिच्या भव्य कमानींखाली गाद्या अंथरल्या गेल्या. पाकिस्तानच्या महंमद बशीर यांनी तेथे कांस्यपदक मिळवले. मॅरेथॉनचा शेवट कलोसियमच्या शेजारच्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीजवळ होता. इथिओपियाचा अबेबे बिकिला ती सारी शर्यत अनवाणी धावला आणि पहिला आला. एके काळी जेथे माणसांना मरताना पाहण्यासाठी लोक जमत, त्या परिसरात आता अनवाणी धावणाऱ्या एका माणसासाठी लोक टाळ्या वाजवत होते. दगड तेच होते. त्यांचा उपयोग बदलला होता.

रोमने आपल्या जुन्या वास्तूंना नवे काम दिले. कोल्हापूरलाही आज तोच विचार करावा लागत आहे. आंतरराष्ट्रीय कुस्ती आता मॅटवर होते. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि प्रत्येक डावाला गुण असतात. मातीतली निकाली कुस्ती निराळी. तिच्यात दम आणि धीर यांना मोल असते, तर मॅटवर चपळाई आणि गुणांचा हिशेब लागतो. म्हणून अनेक तालमींत आता मातीबरोबर मॅटही आली आहे. मुलीही कुस्तीत उतरल्या आहेत. २००४ सालापासून ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती आहे. २०१६ साली साक्षी मलिक यांनी रिओमध्ये कांस्यपदक मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातील रेश्मा माने यांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले आहे. शाहू महाराजांच्या काळी मुली हौद्यात उतरतील, असे कोणाला सांगूनही पटले नसते.

तालमींनी दुसरेही एक नवे काम हाती घेतले आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे सामने होतात. तेथे उतरणाऱ्या संघांची नावे वाचा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. खेळ बदलला; पण तालमीचे नाव आणि पेठेचा अभिमान तसाच राहिला.

जुन्या वास्तू टिकवणे मात्र सोपे नसते. खासबाग मैदानाला लागूनच शाहू महाराजांनी एक नाट्यगृह बांधले होते. ते १९१५ साली सुरू झाले. पुढे त्याला गायक-नट केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. एका बाजूला कुस्ती आणि दुसऱ्या बाजूला नाटक, असा हा जोडीचा वारसा होता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला भीषण आग लागली आणि शंभर वर्षांहून जुनी वास्तू काही तासांत जळून गेली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. लोक रस्त्यावर उभे राहून रडले. त्यानंतर नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.

त्या आगीने कोल्हापूरकरांना एक गोष्ट कळून चुकली. शेजारी शांत पडलेले खासबाग मैदानही आपोआप टिकणार नाही. वर्षातले पुष्कळ दिवस तेथे कुस्ती नसते. बैठकीवर गवत वाढते. हौद्याची माती उकरली नाही, तर ती दगडासारखी घट्ट होते आणि तशा मातीवर कोणी पडला, तर त्याचे हाड मोडते. मैदानाची निगा म्हणजे केवळ भिंतीची डागडुजी नव्हे. तेथे कुस्त्या लागल्या पाहिजेत, तालमींतून मल्ल आले पाहिजेत आणि ते पाहायला आपण गेले पाहिजे.

शाहू महाराजांनी परदेशातली एक चांगली गोष्ट पाहिली. तिच्यातले क्रौर्य त्यांनी तेथेच सोडले आणि सर्वांना सारखे दिसण्याची सोय तेवढी घरी आणली. दुसऱ्याकडून शिकावे कसे, याचा हा उत्तम धडा आहे. तो धडा पुस्तकात वाचता येतोच. पण कोल्हापुरात तो लाल मातीत आणि दगडात समोर उभा आहे. संधी मिळाली, तर बैठकीच्या अगदी वरच्या टोकाला जाऊन बसा आणि खाली हौद्याकडे पाहा. शेवटच्या माणसालाही सारे दिसते आहे, याची तुम्ही स्वतः खात्री करून घ्या.